दुखणे कोणाचे?

मराठीत 'आजारपण काढणे' असा एक वाक्प्रयोग आहे. "सासऱ्यांचं आजारपण तिनं एकटीनं काढलं," असे आपण सहज म्हणून जातो. 'बाळंतपण काढणे' याच चालीवरचा हा प्रयोग. जरा थांबून पाहिले तर त्यातली गंमत लक्षात येते. आजारी पडतो एक आणि आजारपण काढतो दुसराच. बहुतेक वेळा दुसरी. रोग मात्र असा काढता येत नाही. "त्यांचा क्षयरोग तिने काढला" असे कोणी म्हणणार नाही. रोग शरीरात असतो, आजारपण घरात असते.

आपल्या भाषेने सहजपणे केलेला हा भेद वैद्यकीय मानवशास्त्र या ज्ञानशाखेला बऱ्याच उशिरा सापडला. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ. तैवानमध्ये त्यांनी पाहिले, की एकच रोगी दवाखान्यात जातो, देवळात जातो आणि घरचा काढाही घेतो. आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या दुखण्याची गोष्ट वेगळी सांगितली जाते. १९८० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात शरीरातला बिघाड आणि जगण्यात आलेले दुखणे या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत. त्याआधी १९७८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या एका लेखात त्यांनी डॉक्टरांना काही साधे प्रश्न सुचवले होते. तुम्हाला काय झाले आहे असे तुम्हाला वाटते? ते कशामुळे झाले? आत्ताच का सुरू झाले? त्याने तुमच्या आयुष्यात काय अडले आहे? आणि या दुखण्यातली कोणत्या गोष्टीची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते?

यातला एकही प्रश्न नेहमीच्या केसपेपरवर नसतो. तिथे रोगाला जागा असते, नातेवाइकाच्या नावाला आणि सहीलाही असते. नातेवाइकाच्या म्हणण्याला नसते. ही जागा कधी आणि कशी तयार होत गेली, याचा इतिहास सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधाराने पाहण्यासारखा आहे. (पूर्वी हे दोन जिल्हे नव्हतेच. जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि आसपासची संस्थाने मिळून १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.)

सुरुवात प्लेगपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रेल्वेच्या आणि बैलगाडीच्या वाटेने तो पसरत गेला आणि १८९७ साली सातारा जिल्ह्यात पोहोचला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरांची झडती घ्यायची, रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, असा खाक्या होता. सरकारच्या दृष्टीने रोगी म्हणजे रोगाचे घर. त्याला उचलले की काम झाले.

घरच्यांच्या दृष्टीने हे अगदी उलटे होते. आजाऱ्याजवळ बसायचे नाही, त्याच्या तोंडात पाणी घालायचे नाही, मेला तर क्रियाकर्म आपल्या हातून होईल याची खात्री नाही. लोक रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले. सरकारी अहवालांत याची नोंद अज्ञान आणि हट्ट अशी झाली आहे. पण याच 'अज्ञानी' लोकांनी घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे धोरण अनेक ठिकाणी आपणहून धरले होते. पिसवांमुळे प्लेग उंदरांकडून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत प्रयोगाने दाखवले ते १८९८ मध्ये. तेही पुष्कळांनी अनेक वर्षे मानले नाही. थोडक्यात, लोकांना साथीपासून दूर जायचे होतेच. आजाऱ्यापासून दूर जायचे नव्हते. हा फरक कोणी विचारलाच नाही, म्हणून कोणाला कळला नाही. सातारा जिल्ह्यातल्या नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगने गेल्या, त्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतानाच. 'आजारपण काढणे' या शब्दांचा इतका शब्दशः अर्थ क्वचितच सापडेल.

याच काळात मिरजेला विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांचे इस्पितळ उभे राहत होते. १८९४ साली सुरू झालेल्या या इस्पितळामुळे मिरज हे गाव शस्त्रक्रियांसाठी दूरदूरवर माहीत झाले. पुढे जवळच क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. ती जागा वॉनलेसवाडी म्हणून आजही ओळखली जाते. क्षयावर औषध नव्हते तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपचार होता, आणि त्यासाठी रोग्याने महिनोन् महिने, कधी वर्ष-दोन वर्षे घराबाहेर राहायचे. ज्यांना परवडत असे त्यांनाच हे शक्य होते. बाकीचे घरीच खोकत राहत.

औषधे आल्यावर हे चित्र पालटले, आणि पालटले ते एका नेटक्या प्रयोगामुळे. १९५६ मध्ये मद्रासला १९३ क्षयरोग्यांची चिठ्ठ्या टाकावी तशी विभागणी करण्यात आली. अर्ध्यांना आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, अर्ध्यांना गर्दीच्या, गरीब वस्तीतल्या त्यांच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. वर्षभराने दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. घरातल्या माणसांना होणारा संसर्गही घरी ठेवल्यामुळे वाढलेला दिसला नाही. जो व्हायचा तो उपचार सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला होता. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर आरोग्यधामांची गरज संपत गेली. विज्ञानाच्या तासाला तुलनेचा गट म्हणजे काय हे शिकवायचे असेल, तर यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पण या प्रयोगाने आणखी एक गोष्ट केली, जी त्याच्या तक्त्यांत नाही. क्षयरोग्याची काळजी इस्पितळाकडून घराकडे आली. गोळ्यांची आठवण, थुंकीचे भांडे, दोन वेळचे अन्न, शेजाऱ्यांपासून लपवाछपवी, हे सगळे आता घरातल्या बाईच्या कामात जमा झाले. औषधाचा खर्च मोजला गेला, या कामाचा नाही.

रोग्यालाच विचारून पाहण्याचा आपल्याकडचा एक मोठा प्रयत्न त्यानंतर लगेच झाला, तोही शेजारच्या कर्नाटकात. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयाची लक्षणे असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. तोपर्यंत समज असा होता की खेडूत माणसाला आपल्या आजाराचे भान नसते, म्हणून डॉक्टरांनी घरोघर जाऊन रोगी शोधावे लागतील. मुलाखतींतून निघाले ते भलतेच. बहुतेकांना लक्षणांची जाणीव होती आणि पुष्कळांना काळजीही होती. जवळजवळ निम्मे तर स्वतः होऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते, आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आले होते. १९६३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'लोक येत नाहीत' याऐवजी 'लोक येतात, आपण त्यांना ओळखत नाही' असे सांगणारा. देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाची आखणी त्यावर झाली: दवाखान्यात आपणहून येणाऱ्या खोकल्याच्या रोग्याची थुंकी तपासायची.

तुमकूरच्या अभ्यासात प्रश्न रोग्याला विचारले होते. घराला कोणी विचारले? त्यासाठी फलटणला यावे लागते.

फलटण हे सातारा जिल्ह्यातले गाव, बाणगंगेच्या काठी वसलेले, पूर्वी निंबाळकरांचे संस्थान. महानुभाव पंथात या गावाला मोठा मान आहे. पंथ ज्या पाच कृष्णांना मानतो, त्यांपैकी चांगदेव राऊळ यांचा जन्म फलटणचा. महानुभावांची मंदिरे नेहमीच्या मंदिरांसारखी नसतात. सत्पुरुष जिथे बसले, निजले, बोलले, त्या 'स्थानां'वर ओटे बांधलेले असतात आणि त्या ओट्यांना वंदन करायचे. पंथ एकाच परमेश्वराला मानतो. देवीदेवतांची भक्ती आणि बोकड-कोंबड्यांचे बळी त्याला वर्ज्य. तेराव्या शतकात चक्रधरांनी स्त्रियांना शिष्या म्हणून जवळ केले आणि विटाळ मानला नाही, हेही इथे लक्षात ठेवावे. आणि याच पंथाच्या काही मंदिरांची ख्याती अशी, की तिथे 'बाहेरची बाधा' उतरते. डोके फिरलेल्या माणसाला घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे तिथे येतात आणि आठवडे, महिने मुक्काम करतात.

व्हिएडा स्कुल्टान्स या ब्रिटनमधल्या मानवशास्त्रज्ञ. जन्माने लॅटव्हियाच्या. त्यांचा पहिला अभ्यास वेल्समधल्या प्रेतात्म्यांशी बोलणाऱ्या मंडळींचा, त्यामुळे 'अंगात येणे' त्यांना अगदीच परके नव्हते. फलटणच्या महानुभाव मंदिरात त्यांनी आजाऱ्यांबरोबर आलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. १९८७ साली लंडनच्या 'मॅन' या मानवशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. लेखाच्या नावातच 'महाराष्ट्रीय कुटुंबे' हे शब्द होते. अभ्यास रोग्यांचा नव्हे, कुटुंबांचा आहे हे सांगणारे.

अशा ठिकाणी गेलेल्या कोणाचीही अपेक्षा काय असेल? ज्याला वेड लागले आहे, त्याच्या अंगात येत असेल. आरती सुरू झाली, वाद्ये वाजू लागली की तो घुमत असेल, किंचाळत असेल. स्कुल्टान्स यांना दिसले ते असे, की मंदिरात यायला निमित्त झालेला आजारी मुलगा किंवा नवरा पुष्कळदा बाजूला बसून असतो; आणि अंगात येते ते त्याच्या आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या. ज्यांच्या डोक्यात काही बिघाड नाही, ज्या रोज स्वयंपाकपाणी करून आजाऱ्याला सांभाळताहेत, त्या बायका घुमतात.

असे का? कुटुंबांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. त्या म्हणण्याचा सांधा असा: बाधा झाली आहे ती एका माणसाला नव्हे, घराला. ती घरातल्या कोणावरही पडू शकते. मुलाच्या वाट्याची बाधा आईने आपल्या अंगावर घेतली, तर मुलगा सुटेल. म्हणजे अंगात येणे हे त्या बाईचे दुखणे नव्हे, तो तिचा उपाय आहे. जवळजवळ नवसासारखा, स्वतःचा देह देऊन केलेला. घराच्या भल्यासाठी उपास धरणे, अनवाणी चालत जाणे हे आपल्या ओळखीचे आहे. त्याच रांगेत हे बसते. स्कुल्टान्स यांनी त्याला जाणूनबुजून जोपासलेला त्याग म्हटले.

या निष्कर्षाचे महत्त्व कळायला त्या वेळचा प्रचलित विचार माहीत हवा. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ च्या पुस्तकात मांडले होते, की ज्यांना घरात बोलायची सोय नाही अशा स्त्रियांना अंगात आल्यावर बोलता येते. ते दबलेल्यांचे आडवळणाचे बंड आहे. आपल्याकडेही हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे आणि ते खोटे नाही. सासूच्या अंगात आले की सून पाया पडते आणि सुनेच्या अंगात आले की सासू, हे ज्याने पाहिले आहे त्याला लुईस पटतात. पण फलटणच्या बायका बंड करत नव्हत्या. त्या आणखी एक काम करत होत्या. दिवसभर आजाऱ्याला जेवू घालायचे, न्हाऊ घालायचे, पळून जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायचे, आणि संध्याकाळी त्याची बाधाही अंगावर घ्यायची.

मला स्वतःला हे दोन विचार एकमेकांना तितके परके वाटत नाहीत. महिनोन् महिने वेडाच्या सोबतीला राहिलेल्या आईला घुमण्यातून स्वतःचा ताण मोकळा करायला मिळतो आणि शिवाय तो त्याग ठरतो. तिने "मी थकले" म्हटले असते, तर ती वाईट आई ठरली असती. मनोविकारशास्त्राचे वर्गीकरणही इथे शहाणपणाने वागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या रोगसूचीत अंगात येण्याला विकार म्हणून जागा आहे, पण धर्माने किंवा रूढीने मान्य केलेल्या प्रसंगी येणारे अंगात येणे त्यातून वगळले आहे. घुमणारी प्रत्येक बाई रोगी नव्हे.

शिक्षकाच्या मनात इथे प्रश्न येणारच: मग आजारी बरा होतो की नाही? याला फलटणमधून उत्तर नाही; स्कुल्टान्स यांचा तो प्रश्नच नव्हता. तामिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात मात्र असा एक अभ्यास झाला आणि २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तिथे येऊन राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची लक्षणे येताना आणि जाताना एकाच मोजपट्टीने मोजली. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. लक्षणांचे गुण सुमारे २० टक्क्यांनी उतरले होते. खास विधी किंवा औषधी मुळ्यांमुळे हे झाले, असे काही आढळले नाही. आधार देणारे, न हिणवणारे वातावरण हेच कारण असावे, असा अंदाज अभ्यासकांनी केला. आता मद्रासचा क्षयरोगाचा प्रयोग आठवा. इथे तुलनेचा गट नव्हता. मनोविकारांच्या लक्षणांना भरती-ओहोटी असते आणि माणूस मंदिरात आणला जातो तो लक्षणे कळसाला पोहोचल्यावरच, त्यामुळे काहीही न करता सहा आठवड्यांनी थोडा उतार पडणे शक्य आहे. हा अभ्यास टाकाऊ नाही, पण तो पुरावा म्हणून फार दूर नेता येत नाही. विद्यार्थ्यांपुढे हे दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवावेत.

त्याच तामिळनाडूत, या अभ्यासाच्या आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ ला एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी घराला आग लागली. आत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण होते. २८ जण होरपळून मेले. देवाच्या दारी राहणे म्हणजे दर ठिकाणी आधारच असे नाही, हे त्या दिवशी देशाला दिसले. त्यानंतर अशी ठिकाणे बंद करण्याची मोहीम सुरू झाली. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी तेव्हा एक अवघड प्रश्न लावून धरला. महाराष्ट्रातल्या दर्ग्यांत आणि मंदिरांत येणाऱ्या बायकांच्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखती घेतल्या होत्या. ही ठिकाणे बंद करा, पण या बायका जाणार कुठे? मनोरुग्णालयातही साखळ्या होत्याच, फक्त त्यांना कुलूप सरकारी होते. पुढे शुभा रंगनाथन यांनीही महानुभाव मंदिरांत दीर्घ काळ राहणाऱ्या स्त्रियांशी बोलून लिहिले. सासरी नको आणि माहेरी भार झालेल्या बाईला मंदिराच्या आवारात निदान बसायला हक्काची जागा असते, असे त्या लिखाणातून दिसते.

दुसरी बाजूही याच मातीतली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वैद्यकीय शिक्षण मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, मग साताऱ्यात दवाखाना. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. साताऱ्यातच व्यसनमुक्तीसाठी 'परिवर्तन' ही संस्था उभी केली, आणि दारू सोडवण्याचे काम एकट्या दारुड्याला धरून होत नाही, घर बरोबर लागते, हे त्या कामात रोजच दिसे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच निघालेला वटहुकूम आणि डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालेला जादूटोणाविरोधी कायदा यांच्या अनुसूचीत पहिले कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाचे आहे: दोराने, साखळीने बांधणे, काठीने, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे. या कायद्याविषयी बराच गैरसमज आहे, म्हणून सांगतो. आईने मुलासाठी ओट्यापुढे घुमणे हा त्यात गुन्हा नाही. कोणी त्या मुलाला मारहाण केली, तर गुन्हा आहे. फलटणचा अभ्यास आणि दाभोलकरांचा कायदा एकमेकांविरुद्ध उभे करण्याची काही जणांना हौस असते. मजकूर वाचला तर तसे दिसत नाही.

स्त्रिया दुसऱ्यांची दुखणी अंगावर घेतात, मग त्यांची स्वतःची कुठे जातात? याचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाहून आले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. त्यांची आजारपणे काढायला घरात कोणी नव्हते.

हे सगळे एकत्र पाहायला मिळाले ते नव्वदच्या दशकातल्या सांगलीत. एचआयव्हीची साथ पश्चिम महाराष्ट्रात जोरात होती आणि सांगली हा तिचा मोठा फटका बसलेला जिल्हा. १९९२ साली मीना शेषू यांनी 'संग्राम' ही संस्था सुरू केली. शहरातल्या गोकुळनगर वस्तीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर तिचे काम सुरू झाले. त्या वेळी सरकारी दृष्टी पुष्कळशी १८९७ सारखीच होती: रोगाचे घर शोधा आणि त्यावर लक्ष ठेवा. या स्त्रिया म्हणजे रोग पसरवणाऱ्या, हे गृहीत होते. त्यांना रोगाचे वाहक न समजता रोग रोखणाऱ्या समजले तर काय होईल, हे तिथे करून पाहण्यात आले. निरोध वाटण्याचे, समजावण्याचे आणि आजारी पडलेलीला सांभाळण्याचे काम त्यांनीच हाती घेतले. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'.

पुढे हे काम जिल्ह्यातल्या खेड्यांत गेले तेव्हा वेगळेच घर समोर आले. नवरा खंगत जातो, त्याचे आजारपण बायको काढते. गावात कळू नये म्हणून ते निराळ्याच नावाने सांगितले जाते. तो गेल्यावर कधीतरी तिची तपासणी होते आणि तिलाही तोच संसर्ग निघतो. मग, "हिच्यामुळेच आमचा मुलगा गेला," हे सासरचे म्हणणे आणि हिश्श्याच्या जमिनीचा प्रश्न. एड्सच्या विधवा हा शब्द महाराष्ट्राने या काळात शिकला. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह जास्त लागण असलेल्या राज्यांत विषाणूरोधक औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली आणि या आजाराचे रूप बदलले. आता तो वर्षानुवर्षे गोळ्या घेऊन जगण्याचा आजार झाला आहे. घरात तो कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हा हिशेब मात्र राहिला.

क्लाइनमन यांचा शेवटचा प्रश्न अशा बाईला विचारून पाहा: या दुखण्यात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कसली वाटते? मरणाची, असे उत्तर क्वचित येईल. घरातून काढतील याची, मुलांना शाळेत कळेल याची, अशी उत्तरे जास्त येतील. यांतल्या दुसऱ्या उत्तराशी तर आपला, शिक्षकांचा, सरळ संबंध आहे. मानसिक आजार असलेल्या घरातले मूल आपल्या वर्गात असते. ते अचानक महिनाभर गैरहजर राहते, कारण सगळे घर कुठल्या तरी देवस्थानी मुक्कामाला गेलेले असते. परत आल्यावर "कुठे होतास?" या प्रश्नाचे त्याने काय उत्तर द्यायचे, हे घरात ठरवून दिलेले असते. चारचौघांत तो प्रश्न न विचारणे आपल्या हातात आहे.

एप्रिल २०१७ मध्ये एकाच महिन्यात दोन कायद्यांवर राष्ट्रपतींची सही झाली: एक मानसिक आरोग्यसेवेचा, एक एचआयव्हीचा. दोन्ही २०१८ मध्ये अमलात आले. एचआयव्हीच्या कायद्याने संसर्ग असलेल्या माणसाला त्याच्या घरात राहण्याचा हक्क दिला. मानसिक आरोग्याच्या कायद्याने आजाऱ्याला साखळीने बांधायला बंदी केली. शिवाय त्यात एक तरतूद अशी आहे, की आपल्या उपचारांविषयी निर्णय घेण्याची वेळ आली आणि आपल्याला तो घेता आला नाही, तर आपल्या वतीने कोणी बोलायचे, ते प्रत्येक प्रौढ माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. ते नाव नवऱ्याचे किंवा भावाचेच असले पाहिजे, असे नाही. बाई आपल्या मैत्रिणीचे नाव लिहू शकते. मंदिरात शेजारच्या खोलीत राहिलेल्या, आपल्यासारख्याच आणखी एका आईचेही लिहू शकते.